शून्यावरचं कुंकू

मी कोल्हापूरची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझ्या बोलण्याचं कुणाला वाईट वाटायला नको. आमच्याकडं पोटात एक आणि ओठात एक असला कारभार नसतो. कुवेतला येऊन बरीच वर्षं झाली. जाब्रियातल्या एका डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये मी चष्म्याचे नंबर काढते. दिवसभर माणसांना अंधाऱ्या खोलीत बसवायचं, काचा बदलायच्या आणि विचारत राहायचं, आता बरं दिसतंय की मघाशी बरं दिसत होतं? पण माझी खरी ख्याती निराळीच आहे. ओळखीत कुणाला मिक्सर घ्यायचा असो, कुकर असो नाहीतर गावाकडच्या आईसाठी वॉकर, आधी मला फोन येतो. बेताच्या पैशात टिकणारी वस्तू कुठली, हे मला कळतं. "तिनं पारखलंय ना, मग डोळे झाकून घ्या," असं इथल्या आमच्या मराठी मंडळात म्हणतात. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तरी बंदुकीवरची दुर्बीण निवडायची पाळी कधी माझ्यावर येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याचेच डोळे तपासले असते.

आमच्या क्लिनिकमधली मोठी डॉक्टर कुवेती आहे. आम्ही सगळे तिला दक्तोरा म्हणतो. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, हात अतिशय स्थिर, मोतीबिंदू काढताना बघत राहावं. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिकारीचा नाद. वडील दर हिवाळ्याच्या तोंडाला परमुलखात डोंगरी बकऱ्यांच्या शिकारीला जातात, तिथला रीतसर परवाना काढून. आजवर बरोबर फक्त मुलगे जायचे. दक्तोरा इथल्या नेमबाजीच्या मैदानावर कागदाच्या चकत्यांना भोकं पाडून पाडून कंटाळली होती. वर्षानुवर्षं वडिलांच्या मागं लागली होती, मला न्या. त्या वर्षी म्हाताऱ्यानं एकदाचं हो म्हटलं, पण अटी घालून.

एका दुपारी पेशंट नव्हते तेव्हा ती माझ्या खोलीत आली आणि पेशंटच्या खुर्चीत बसली. म्हणाली, वडील त्यांची जुनी रायफल मला देणार आहेत. दुर्बीण मात्र माझी मी घ्यायची. रायफलीच्या किमतीच्या निम्म्याहून महाग घ्यायची नाही. एकच घ्यायची, तीच सगळीकडं चालवायची, झाडोऱ्यात जवळ आणि डोंगरउतारावर लांब. आणि नेम चुकला, किंवा जनावर नुसतं जखमी होऊन पळालं, तर पुन्हा कधी विचारायचं नाही.

"भावांनाही हीच अट होती?" मी विचारलं.

"होती. पहिल्या वर्षापुरती. आता त्यांच्या दुर्बिणी बंदुकीपेक्षा महाग आहेत. आणि दोघंही म्हणतात, त्या पैशात खेळणं मिळेल."

झालं. तिच्या भावांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी मला ते दिसले. स्वस्त म्हटलं की नाक मुरडणारी माणसं सगळ्या देशांत एकाच साच्याची असतात. मी म्हटलं, दक्तोरा, बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण काच कळते, डोळा कळतो आणि दुकानदार कळतो. चला.

खरं म्हणजे बोलून गेले आणि मग भानावर आले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मिक्सर बिघडला तर चटणी राहते. इथं त्या पोरीची एकुलती एक संधी होती, आणि ती माझ्या शब्दावर अडकणार होती.

घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा हिशेबनीस, पुण्याकडचा, कुठल्याही गोष्टीत आधी धोका बघणारा. तो म्हणाला, "अगं, आपण या देशात व्हिसावर. बंदुकीच्या कशाला नादी लागतेस?" मी म्हटलं, "अहो, बंदूक नाही, दुर्बीण. आणि ती विकत घेणार आहे, मी नाही." त्यानं मान हलवली आणि रात्रभर दुर्बिणींची माहिती वाचत बसला. त्याचं असंच असतं. नको म्हणायचं आणि मग माझ्याआधी सगळं वाचून ठेवायचं.

पुढच्या शनिवारी दक्तोराच्या गाडीतून आम्ही जहराला गेलो. तिकडं शिकारीच्या आणि वाळवंटात तंबू ठोकायच्या सामानाची दुकानं आहेत. माझी लेक मागच्या सीटवर होती. ती तेव्हा दहावीत. नवऱ्याच्या ऑफिसात तिमाहीच्या हिशेबांची गडबड होती आणि घरी एकटी राहिली असती तर दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसली असती, म्हणून बरोबर घेतली. आली ती फोनमध्ये डोकं घालूनच. आमच्या लेकीचं सांगायचं तर मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. जेवलीस का? "आय एट." देवाला नमस्कार केलास? "लेटर." इथं वाढलेली सगळीच पोरं अशी, म्हणून मी चारचौघांत हसून सोडून देते. मनातून मात्र लागतं. कधीकधी वाटायचं, माझ्या बापाची बोली माझ्यापाशीच संपणार.

दुकानात विक्रेता मलबारचा. आम्हा दोन बायका बघून तो थोडा गोंधळला, मग दक्तोराचा चेहरा बघून त्यानं एकदम सगळ्यात लांबलचक दुर्बीण काचेवर ठेवली. चोवीस पट मोठं दिसणारी. म्हणाला, "मॅडम, इसमें चाँद का गड्ढा भी दिखेगा."

मी म्हटलं, "हमको चाँद नहीं मारने का है."

तो हसला आणि मग सरळ बोलायला लागला. मला असं पहिल्या पाच मिनिटांत दुकानदाराला जमिनीवर आणायला आवडतं. त्याला म्हटलं, साधी दाखव. तीन ते नऊ पट. लोक मोठ्या आकड्याला भुलतात. पण तीन पटीवर झाडोऱ्यातली अख्खी चौकट दिसते, जनावर कुठून येतंय कुठं जातंय ते कळतं. नऊ पट डोंगरउताराला पुरेशी. त्यापुढं नुसती हवा थरथरताना दिसते आणि आपल्याच छातीचा ठोका.

दक्तोराला चष्मा आहे. म्हणून मी दुसरी गोष्ट बघितली, काचेपासून किती लांब डोळा ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं. बंदूक उडाली की मागं दणका देते. डोळा चिकटवून बसलं तर दुर्बीण भुवईवर आदळते आणि कपाळमोक्ष होतो, तोही स्वतःच्याच बंदुकीनं. मी माझी चार बोटं मधे धरली आणि एकेक दुर्बीण तिच्या डोळ्यासमोर आणली. दोन तिथंच बाद झाल्या.

उरल्या दोन. एक ही साधी, तीन ते नऊवाली, आणि दुसरी ती चंद्र दाखवणारी, कारण दक्तोराचं मन तिच्यावरून उठत नव्हतं. नेमकी तशीच तिच्या थोरल्या भावाकडं होती. विक्रेता म्हणाला, हप्त्यांनी पैसे द्या, खरी किंमत कुणाला कळणार? दक्तोरानं ती पुन्हा डोळ्याला लावली. मला तिचं मन कळत होतं. भावांच्या शेजारी उभं राहायचं तर त्यांच्यासारखी वस्तू हातात हवी, असं कुणालाही वाटतं.

मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, थोडं थांबू. चहा पिऊ. दिवस मावळला की बघू.

दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली सगळ्याच काचा लख्ख दिसतात. साड्यांचंही असंच असतं, दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघितल्याशिवाय खरा रंग कळत नाही. शिकार व्हायची पहाटे, नाहीतर तिन्हीसांजेला. त्या वेळेला जी दाखवेल ती खरी. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

दिवस मावळून मगरीबची अजान झाली तसे आम्ही विक्रेत्याला घेऊन दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत गेलो. लांब एक गंजलेला पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्याखाली काळोख साचत होता. मी लेकीला हाक मारली. तरुण डोळा, चष्मा नाही, आणि कुठली स्वस्त कुठली महाग ते तिला ठाऊक नाही. आधी मोठी दिली, पूर्ण चोवीस पटीवर, टँकरखाली बघ म्हटलं. तिनं बघितलं. "इट्स जस्ट ब्लॅक." मग साधी दिली. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "देअर इज अ कॅट. इट्स वॉशिंग इट्स फेस."

दक्तोरानं दुर्बीण तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. मग मी तिला समजावलं, अर्थात ती डोळ्यांचीच डॉक्टर, अर्ध्या वाक्यात तिला कळलं. दुर्बिणीतून डोळ्यापाशी प्रकाशाचा एक गोल कवडसा येतो. जितकं मोठं करायला जावं तितका तो कवडसा लहान होतो. संध्याकाळी आपली बाहुली मोठी झालेली असते, आणि आत येणारा कवडसा टिकलीएवढा. मग अंधारच दिसणार, काच कितीही महाग असो. "हे मी परीक्षेत लिहिलंय," ती म्हणाली आणि स्वतःवरच हसली. साधी घेतली.

पण माझं काम संपलं नव्हतं. स्वस्त दुर्बिणीत एक खोड असू शकते, असं नवऱ्यानं वाचलं होतं. लहान-मोठं करताना नेम धरायची आतली फुली जागेवरून सरकते. नेम धरला एकीकडं आणि गोळी दुसरीकडं. म्हणून मी दक्तोराला म्हटलं, दोन-चार दिवस माझ्याकडं ठेवा, मी बघते. ती म्हणाली, निघेपर्यंतच ठेव. घरी नेली तर भाऊ आधीच नावं ठेवून माझा जीव नकोसा करतील.

सबाह अल-सालेममध्ये आमची इमारत जुनी, पण मधला बोळ लांबच लांब. बाल्कनीतून दुर्बीण रोखायची तर पोलीसच यायचे, म्हणून मी बोळाच्या टोकाला, लिफ्टशेजारी, अक्षरांचा तक्ता टांगला. नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतला शिकंजा दारातल्या टेबलाला अडकवून त्यात फडक्यात गुंडाळलेली दुर्बीण आवळली. इतक्या जवळचं जरा धूसर दिसतं, पण फुली हलते का तेवढं कळतं. आणि हलली. तीनवरून नऊवर नेताना फुली चांगली दोन अक्षरं ओलांडून गेली.

नवरा म्हणाला, "बघ, स्वस्त ते स्वस्तच." मी म्हटलं, "दुर्बीण चांगली आहे, नग वाईट आहे. एका झाडाचे नारळ तरी सगळे सारखे निघतात का?" दुसऱ्या दिवशी मी त्याला गाडी काढायला लावली, जहराला जाऊन तो नग परत दिला आणि दुकानातच, त्यांच्याच शिकंज्यात, तीन नग लावून बघितले. विक्रेत्याला घाम फुटला. तिसऱ्याची फुली अगदी खिळल्यासारखी उभी राहिली. तो घेऊन आले. दुर्बिणीच्या डोक्यावर आकडे कोरलेली चकती असते, तिचे टकटक आवाजही मोजून बघितले, फिरवून परत शून्यावर आणली की फुली मूळ अक्षरावर येत होती. लांबच्या नेमासाठी ती चकती फिरवायची असते, आणि काम झालं की आठवणीनं शून्यावर आणायची असते. नाही आणली तर पुढचा नेम हुकला म्हणून समजा.

दुर्बीण कपाटात ठेवली. दक्तोरा शुक्रवारी निघणार होती.

मधेच खंडेनवमी आली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा करतात. माझा बाप कोल्हापुरात एका कारखान्यात लेथवर होता. त्या दिवशी तो घासूनपुसून मशीन लख्ख करायचा, हार घालायचा, अनामिकेनं कुंकू लावायचा आणि हात जोडून मशीनशी बोलायचा, "बाई गं, सांभाळून घे." मंत्र नाही, तंत्र नाही, एवढंच. कुवेतला आल्यापासून मीही दरवर्षी विळी, चाकू, गाडीची किल्ली, माझ्या चष्म्याच्या काचांची पेटी मांडून पूजा करते. त्या वर्षी नेमकी माझी दुपारची ड्युटी लागली. क्लिनिकमध्ये कुणाला काय नवमीचं? पेशंटच्या काचा बदलत होते आणि मनात चरफडत होते, यंदा राहिलंच.

संध्याकाळी दार उघडलं तर घरात उदबत्तीचा वास.

जेवायच्या टेबलावर माझी कांजीवरम अंथरलेली. लग्नातली. ते बघून आधी माझा जीव वर गेला. तिच्यावर विळी, चाकू, कात्री, नवऱ्याचा लॅपटॉप, गाडीची दुसरी किल्ली, काचांची पेटी, शिकंजा, सगळं ओळीनं मांडलेलं. इंडियन स्टोअरमधून आणलेल्या झेंडूचं एकेक फूल. आणि मधोमध, साखरेच्या वाटीशेजारी, दक्तोराची दुर्बीण. तिच्या वरच्या चकतीवर ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा.

लेक सोफ्यावर बसली होती. म्हणाली, "यू वेअर अ‍ॅट वर्क, सो आय डिड इट."

मला रडू आलं आणि धडकीही भरली, दोन्ही एकदम. लेकीला जवळ घेतलं, तिच्या केसांत तोंड खुपसलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "काचेला हात लावलास का गं?"

"आई. यू डोन्ट टच ग्लास. यू'व्ह टोल्ड मी अ मिलियन टाइम्स."

खरंच, काचेवर एक कण नव्हता. पण चकतीवरच्या कोरीव रेघेत कुंकू गेलं होतं, नेमकं शून्याच्या आकड्यात आणि त्याच्या रेघेत. मी ओला कापूस घेतला, मग काचा पुसायचं पाणी, मग टूथपिकला कापूस गुंडाळून. बाकी चकती साफ झाली. शून्य लालच राहिलं. जास्त घासलं असतं तर आकड्यांचा पांढरा रंगही निघाला असता.

नवऱ्यानं बघितलं आणि खुर्चीतच बसला. "दुसऱ्याची वस्तू. त्यांचा धर्म वेगळा. तिच्या घरी कळलं तर? असं कर, कंपनीतूनच तसं आलंय म्हण. कुणाला कळतंय?"

त्याची भीती काही अगदीच खोटी नव्हती. नोकरी तिच्याच क्लिनिकमध्ये, आणि तिथं शब्द तिचाच चालतो. पण पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा आपणहून नवमी केली, आणि तिची पहिली नवमी मी खोट्यानं झाकायची? मी म्हटलं, "अहो, मी सांगणार. जे व्हायचं ते होऊ दे." पोरगी दारात उभी राहून ऐकत होती.

गुरुवारी दक्तोरा दुर्बीण न्यायला माझ्या खोलीत आली. मी पेटी उघडायच्या आधीच सगळं सांगितलं. नवमी काय, बाप काय, पोरीनं काय केलं आणि शून्य लाल का आहे. पुसायचा प्रयत्न केला, पूर्ण निघत नाही, नको असेल तर आत्ता जाऊन दुसरा नग आणते, तोही तपासून.

तिनं पेटीतून दुर्बीण काढली. अंगठा त्या शून्यावरून फिरवला.

"तुझी मुलगी यातून काय मागत होती?"

"तुमच्यासाठी काही नाही, दक्तोरा. खोटं कशाला सांगू. हत्याराला सांगायचं असतं, ऐनवेळी दगा देऊ नकोस. एवढंच असतं ते."

"मग राहू दे," ती म्हणाली. दुर्बीण परत पेटीत ठेवली, आणि जाता जाता म्हणाली, "भाऊ विचारतील तेव्हा काय सांगायचं ते मी बघते."

ती गेली आणि मी आठवडाभर झुरले. स्वयंपाकात मीठ विसरले. एका पेशंटला उजव्याऐवजी डावा डोळा झाकायला सांगितला. मनात सारखं तेच, फुली सरकली तर? तिसरा नग पाहिला होता, पण मी काय बंदूकवाली आहे? भावांचे चेहरे दिसायचे. पोरगीही रोज विचारायची, "एनी न्यूज?"

दक्तोरा परत आली ती थेट माझ्या खोलीत. नाक उन्हानं सोललेलं, ओठ फुटलेले. दार लावून घेतलं आणि बसली. आधी मला तिच्या तोंडावरून काहीच कळेना.

तिनं सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी बंदुकीवर दुर्बीण चढवली, नेम जुळवला, चकतीचं शून्य खालच्या खुणेसमोर आणून ठेवलं. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दुपारी लांबच्या उतारावर एक बकरा दिसला. तिनं चकती फिरवून लांबचा नेम धरला, पण बकरा कड्यामागं गेला तो गेलाच. हिरमुसून परत आली आणि झोपली. दुसऱ्या सकाळी, उन्हं नुकतीच आली होती, वडिलांच्या शेजारी दगडाआड पडून होती. एकाएकी खालच्या झुडपातून मोठा नर बाहेर आला. अगदी जवळ. तिनं तीन पटीवर घेतली, श्वास सोडला, बोट घोड्यावर ठेवलं.

तेवढ्यात वडिलांनी एक बोट पुढं केलं. नुसतं बोट त्या चकतीकडं दाखवलं.

लाल रेघ खुणेसमोर नव्हती. पार बाजूला गेली होती. आदल्या दुपारी फिरवलेली चकती ती शून्यावर आणायला विसरली होती. तशीच गोळी सुटली असती तर बकऱ्याच्या पाठीवरून गेली असती, किंवा त्याहून वाईट, पाठ खरचटून तो कड्यात पळाला असता. तिनं चकती फिरवली, लाल रेघ जागेवर आणली. एकच गोळी. जनावर जागच्या जागी बसलं, त्याला कळलंसुद्धा नसेल.

"वडिलांना जवळचं दिसत नाही," ती म्हणाली. "आकडे तर मुळीच नाही. पांढऱ्या रेघा सगळ्या सारख्याच दिसतात त्यांना. लाल ते शून्य, एवढं मी आधीच सांगून ठेवलं होतं. आणि लाल दिसलं."

मग तिनं सांगितलं की पुढच्या वर्षीही तिला नेणार आहेत, आणि थोरल्या भावानं परवा तिच्या दुर्बिणीतून संध्याकाळी बघितलं आणि काही न बोलता परत दिली. हे ऐकून मला त्या बकऱ्यापेक्षा जास्त आनंद झाला, कबूल करते.

इथवरच असतं तरी माझा आनंद वर्षभर पुरला असता. पण आठ-दहा दिवसांनी दुपारी क्लिनिकमध्ये दक्तोराचे वडील आले. उंच, काटकुळे, काठी न घेता चालणारे. माझ्या खोलीत येऊन खुर्चीत बसले. मला वाटलं, जवळच्या चष्म्याचा नंबर काढायला आलेत. त्यांनी खिशातून मऊ कापडाची गुंडाळी काढली. आत त्यांची स्वतःची दुर्बीण होती, कडा झिजलेली, पण काच नितळ.

माझं अरबी कामापुरतं. ते हळू हळू बोलले, म्हणजे मला कळावं. "दुआ माझी मी करतो. ती मला नको. मला तो लाल रंग हवा, शून्यावर. आणि ज्या हातानं तो लावला त्याच हातानं."

मी म्हटलं, हाजी, माझी मुलगी शाळेत असते. ते म्हणाले, मी थांबतो. आणि खरंच थांबले. दक्तोरानं त्यांना चहा पाठवला. मी नवऱ्याला फोन केला. काय सांगितलं कोण जाणे, पण तासाभरात हिशेबनीस ऑफिस सोडून पोरीला शाळेतून घेऊन दारात हजर. पोरीच्या गणवेशाच्या खिशात कुंकवाचा करंडा होता. घरी थांबून घेतला म्हणे. बापानं नाही, तिनं आठवण केली.

तिनं टेबलावर स्वच्छ रुमाल अंथरला, त्यावर दुर्बीण ठेवली. थेंबभर पाण्यात कुंकू कालवलं आणि माझ्याकडून सुई मागून घेतली. शून्याच्या रेघेत, एवढंसं कुंकू, इतक्या हलक्या हातानं भरलं की शेजारी उभ्या दक्तोरानं माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या. शस्त्रक्रियेला हात हवा तो हा, असं तिनं नंतर बोलून दाखवलं. मी त्यावर अजिबात विनय दाखवला नाही.

काम झाल्यावर पोरीनं आपसूक हात जोडले आणि ओठ हलवले. म्हाताऱ्यानं ते बघितलं. विचारलं, काय म्हणालीस? शाळेत अरबी शिकलेली, तिला प्रश्न कळला. मला वाटलं, आता नेहमीसारखं इंग्रजीत काहीतरी सांगून मोकळी होईल.

तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मग त्या दुर्बिणीकडं बघून, मोठ्यानं, माझ्या बापाच्या आवाजातल्या त्याच हेलानं म्हणाली, "बाई गं, सांभाळून घे."

सहा वर्षांची होती ती, जेव्हा आम्ही एकदाच दसऱ्याला कोल्हापूरला गेलो होतो. आजोबांचं बोट धरून कारखान्यात गेली होती. मी हे वाक्य तिला कधीही शिकवलं नव्हतं.

नंतर तिनंच ते अरबीत सांगितलं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या अरबीत. हाजींनी मान डोलावली, दुर्बीण उजेडात धरली, हात लांब करून शून्य बघितलं आणि समाधानानं कापडात गुंडाळली. मी ओढणीच्या टोकानं डोळे पुसले आणि त्यांना म्हटलं, आता नीट मागं टेकून बसा, जवळच्या चष्म्याचा नंबरही काढून टाकू.